कारखान्यातले मराठी, अहवालातले इंग्रजी

पुण्याच्या उत्तरेला भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकण असा जो कारखान्यांचा पट्टा पसरलेला आहे, तिथले दिवसभराचे काम मराठीत आणि हिंदीत चालते आणि त्या कामाचा जाब मात्र इंग्रजीत द्यावा लागतो. मशिनपाशी उभे राहून, हातात नापास झालेला पीस घेऊन, काय झाले, कशामुळे झाले आणि आता काय करायचे हे ज्याला दोन मिनिटांत चोख सांगता येते, तोच माणूस संध्याकाळी ग्राहकाला ई-मेल लिहायला बसला की त्याच्या हातून तीन गुळगुळीत वाक्ये उतरतात आणि घडलेल्या गोष्टीतले जवळजवळ काहीच त्यांत नसते. काही अडचणीमुळे माल पाठवता आला नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया सहकार्य करावे, अशा आशयाची ही इंग्रजी वाक्ये व्याकरणाला धरून असली तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कोणती अडचण, किती माल, कोणत्या दिवशी पाठवणार, हे त्याला पुन्हा विचारावेच लागते.

मी याच पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात, बरीच वर्षे काम करते आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीला गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि त्या दिवशी दुपारी निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरी काही तरुण मुले-मुली कामातल्या इंग्रजी लेखनाचा सराव करायला येतात. बहुतेक जण बार्शी, परांडा, औसा, उदगीर अशा गावांतून डिप्लोमा किंवा पदवी घेऊन इकडे आलेले आहेत. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, त्यामुळे यांतल्या प्रत्येकाने शाळा-कॉलेजात वर्षानुवर्षे इंग्रजी विषय घेतलेला आहे. तरीही पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे." त्यांचे लेखन समोर ठेवून वाचल्यावर माझे मत निराळे होत गेले. चुका असतात, पण अडते ते दुसरीकडेच. आपल्याला जे पक्के ठाऊक आहे ते इंग्रजीत लिहिण्याची परवानगी आपल्याला आहे, असेच या मुलांना वाटत नाही. इंग्रजी म्हटले की ठरावीक साच्याची, कोणी तरी आधीच वापरलेली वाक्ये उचलायची, असा त्यांचा समज झालेला असतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते. ग्राहकाकडून तक्रार आली की आमच्या क्षेत्रात एट-डी नावाचा अहवाल द्यावा लागतो. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये ही पद्धत पुस्तिकेच्या रूपाने मांडली आणि आज वाहन उद्योगात ती जगभर चालते. पथक नेमणे, दोषाचे नेमके वर्णन करणे, दोष असलेला माल तातडीने अडवणे, मूळ कारण शोधणे, कायमचा उपाय निवडणे, तो अमलात आणणे, तोच दोष पुन्हा होऊ नये अशी व्यवस्था लावणे आणि पथकाच्या कामाची दखल घेणे, अशा आठ पायऱ्या त्यात असतात. परांड्याकडची एक मुलगी असा अहवाल घेऊन आली होती. ग्राहकाचे आणि भागाचे नाव तिने आधीच खोडले होते, कारण ती आमची पहिली अट आहे. मूळ कारणाच्या चौकटीत तिने लिहिले होते, "ऑपरेटर वॉज नॉट अवेअर." आणि उपायाच्या चौकटीत, "ट्रेनिंग इज गिव्हन टू ऑपरेटर."

मी तिला कागद पालथा ठेवायला सांगितला आणि म्हटले, "काय झालं ते मला मराठीत सांग."

ती म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या पाळीत इन्सर्ट बदलला, पण सेटरनं ऑफसेट जुनाच ठेवला, म्हणून बोअर मोठं आलं. खरं तर पहिल्या पीसलाच सापडायला हवं होतं. पण बोअर गेज कॅलिब्रेशनला गेलं होतं आणि आपल्याकडं दुसरं नाहीच, म्हणून पहिला पीस न तपासताच लाइन चालू केली."

(इन्सर्ट म्हणजे कापणाऱ्या हत्याराचे बदलता येणारे टोक, सेटर म्हणजे मशिन जुळवून देणारा, ऑफसेट म्हणजे हत्याराच्या जागेसाठी मशिनमध्ये भरलेला आकडा, बोअर म्हणजे भागातले भोक, ते मापायचे उपकरण म्हणजे बोअर गेज आणि कॅलिब्रेशन म्हणजे त्या उपकरणाच्या अचूकतेची पडताळणी.) एवढे स्वच्छ, कारणाला कारण जोडणारे निवेदन ज्या मुलीच्या तोंडी आहे, तिच्या कागदावर फक्त ऑपरेटर अनभिज्ञ असल्याचा शेरा होता, आणि ज्याच्यावर तो शेरा होता त्या ऑपरेटरचा या प्रकरणात काही दोषच नव्हता. मग तिने बोललेले प्रत्येक वाक्य आम्ही एकेक करून इंग्रजीत उतरवले. इन्सर्ट बदलला गेला. सेटरने टूल ऑफसेट बदलला नाही. पहिला पीस तपासला गेला नाही, कारण बोअर गेज कॅलिब्रेशनला होते आणि दुसरे गेज नव्हते. शाळेतल्या साध्या भूतकाळाहून अवघड असे त्यात काहीही लागले नाही. "नॉट अवेअर" गेल्याबरोबर उपायही बदलला. प्रशिक्षणाच्या जोडीला दुसरे गेज घेणे आणि गेज जागेवर नसेल तर लाइन सुरू न करणे हे दोन मुद्दे पुढे आले, आणि तिला ते मनात आधीपासून ठाऊक होते.

इंग्रजीच्या सरावाकडे मी ज्या कारणाने इतक्या आस्थेने पाहते ते हे आहे. कामाच्या लेखनातले व्याकरण कोणाला तरी जबाबदार धरते किंवा सोडून देते. आपल्या शालेय परीक्षांत "व्हॉइस बदला" हा प्रश्न ठरलेला असतो. कर्तरीचे कर्मणी आणि कर्मणीचे कर्तरी करायला मुले पटकन शिकतात, "टू" काढून वाक्य पुन्हा लिहितात, "नो सूनर… दॅन" जोडतात. हा अभ्यास वाया जातो असे मी म्हणणार नाही, पण वाक्य कधी उलटवावे आणि कधी उलटवू नये हे त्यात कोणी शिकवत नाही. शंभर पीस मोजले गेले, हे कर्मणी प्रयोगात लिहिले तर बिघडत नाही, कारण मोजणारा कोण होता याला तिथे महत्त्व नसते. ऑफसेट बदलला गेला नाही, असे लिहिले तर मात्र वाचणारा लगेच विचारतो की तो बदलणे कोणाचे काम होते. त्यातून आपल्या मराठी कचेऱ्यांनी "कळविण्यात येते", "कार्यवाही करण्यात यावी", "दक्षता घेण्यात येईल" अशा कर्ता गायब करणाऱ्या क्रियापदांची सवय आपल्या कानांना लावून ठेवली आहे. इंग्रजीत लिहिताना तीच सवय कपडे बदलून येते. म्हणून आमच्याकडे पहिला सराव क्रियापदाखाली रेघ मारण्याचा असतो. रेघ मारायची आणि त्या क्रियेचा कर्ता वाक्यात आहे की नाही ते पाहायचे. नसेल तर तो मुद्दाम वगळला आहे की नकळत, हे लिहिणाऱ्याने मोठ्याने सांगायचे.

काळाचेही तसेच आहे. एट-डीमध्ये उपाय निवडण्याची पायरी वेगळी आणि अमलात आणण्याची वेगळी, ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे. "ट्रेनिंग इज गिव्हन" या वाक्यातून प्रशिक्षण झाले, होणार आहे, की नेहमीच होते, यांतले काहीच निश्चित कळत नाही. होणार असेल तर "विल बी गिव्हन" आणि पुढे तारीख हवी. झाले असेल आणि तारीख द्यायची असेल तर साधा भूतकाळ हवा. इथे मराठी माणसाची एक हमखास चूक होते. "१२ जूनला प्रशिक्षण दिले आहे" हे मराठीत चालते, त्यामुळे आपण बिनधास्त "हॅज बीन गिव्हन ऑन १२ जून" लिहितो. इंग्रजीत होऊन गेलेल्या विशिष्ट दिवसाचा उल्लेख आला की तिथे "वॉज गिव्हन" लागते. "विल"च्या जागी आदरार्थी म्हणून "वुड" लिहिण्याची खोडही सार्वत्रिक आहे. आम्ही सोमवारी माल पाठवू, हे सांगताना "वी वुड डिस्पॅच" लिहिले, की ते सौम्य वाटेल असे लिहिणाऱ्याला वाटते. वाचणाऱ्याला मात्र त्यापुढे एखादी अट येणार असे वाटते आणि ती अट तो पुढच्या ओळीत शोधत राहतो.

अशा चुका आळसातून येत नाहीत. त्या मराठीच्या शिस्तीतून येतात आणि म्हणूनच त्या समजून घेतल्या तर लवकर सुटतात. "पर्यंत" हा आपला शब्दयोगी इतका समर्थ आहे की "शुक्रवारपर्यंत काम करीन" आणि "शुक्रवारपर्यंत काम पूर्ण करीन" ही दोन्ही वाक्ये तो एकटाच पेलतो. इंग्रजीत पहिल्या वाक्याला "टिल" आणि दुसऱ्याला "बाय" लागते, आणि "आय विल सेंड द ड्रॉइंग टिल फ्रायडे" असे लिहिले तर शुक्रवार उजाडेपर्यंत एकसारखे ड्रॉइंग पाठवत राहणार, असा अर्थ होतो. "दोन वर्षांपासून" मधला "पासून" तसाच उचलला की "सिन्स टू इयर्स" तयार होते. कालावधी असेल तर "फॉर" आणि सुरुवातीचा क्षण असेल तर "सिन्स", एवढे ध्यानात आले की ही चूक बहुधा कायमची जाते. "तपासले पाहिजे" मधल्या "पाहिजे"चे तर मला विशेष वाटते. ते सल्लाही देते आणि सक्तीही करते, आणि बोलताना आवाजाच्या चढउतारावरून ऐकणाऱ्याला फरक कळतो. कागदावर आवाज नसतो. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मंडळींना हे चांगले ठाऊक आहे, कारण इंटरनेटचे तांत्रिक संकेत लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये एक स्वतंत्र टिपण काढून "मस्ट", "शुड" आणि "मे" या शब्दांचे अर्थ ठरवून टाकले. "मस्ट" म्हणजे सूट नाही, "शुड" म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा विचार केला असेल तरच सूट, "मे" म्हणजे ऐच्छिक. आमच्या कार्यसूचनांत "शुड बी चेक्ड" लिहिलेले दिसले की मी नेहमी विचारते, नाही तपासले तर चालणार आहे का? चालणार नसेल तर "मस्ट" लिहा.

शब्दसंग्रहाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. अप्पा बळवंत चौकात इंग्रजी शब्द वाढवणाऱ्या पुस्तकांच्या चळती असतात आणि मुले ती हौसेने घेतात, रोज दहा शब्द पाठ करतात. त्यांतले बरेचसे शब्द कारखान्याच्या दारात येत नाहीत. आपल्याला कमी पडतात ती साधी क्रियापदे. शॉप फ्लोअरवर सगळेच "चेक" केले जाते. व्हर्नियरने मापले तरी चेक, डोळ्यांनी पाहिले तरी चेक, कागदाशी ताडले तरी चेक आणि दाब देऊन पाहिले तरी चेक. लिहिताना मात्र "मेझर", "इन्स्पेक्ट", "व्हेरिफाय" आणि "टेस्ट" यांतून एक निवडावे लागते आणि ते निवडताना आपण नक्की काय केले हे स्वतःलाच आठवावे लागते. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका लिहिण्यासाठी १९८० च्या दशकात युरोपात एक नियमबद्ध, साधे इंग्रजी तयार करण्यात आले, ते आज सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश या नावाने चालते. सूचनेचे वाक्य वीस शब्दांपेक्षा मोठे नको, वर्णनाचे पंचवीसपेक्षा मोठे नको, आणि मान्य केलेल्या सर्वसाधारण शब्दांचा कोश सुमारे ९०० शब्दांचा, असा त्याचा बंदोबस्त आहे. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ दिलेला आहे. "फॉलो" म्हणजे मागोमाग येणे एवढेच, सूचनेप्रमाणे वागणे या अर्थी तिथे "ओबे" वापरावे लागते. एवढ्या थोड्या शब्दांत विमान दुरुस्त होऊ शकते, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरलेला पाहते.

या भाषेचा वाचक कोण, हेही नीट पाहण्यासारखे आहे. आपले पत्र लंडनच्या एखाद्या विद्वानाच्या हाती पडणार आहे, अशा धास्तीने मुले लिहितात. प्रत्यक्षात ते श्टुटगार्टच्या आसपासच्या एखाद्या जर्मन अभियंत्याच्या, नाही तर कोरियातल्या खरेदी विभागाच्या टेबलावर पोहोचते, आणि इंग्रजी ही त्यांचीही घरची भाषा नसते. दोघांनी मध्यावर भेटण्यासाठी घेतलेली ती भाषा आहे, आणि म्हणून अलंकारांपेक्षा आकडे आणि तारखा तिथे अधिक जपाव्या लागतात. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात, तेव्हा १.५०० म्हणजे त्यांना दीड हजार वाटू शकते. आपल्या लाखाचे स्वल्पविराम त्यांना चक्रावून टाकतात. ०३/०४ ही तारीख आपल्याला ३ एप्रिल वाटते आणि अमेरिकी वाचकाला ४ मार्च. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की हा प्रश्न मिटतो, आणि आम्ही तो तसाच मिटवतो.

मजकुराची मांडणी हा आणखी एक विषय, आणि इथे मला पुण्याच्या पेशवे दफ्तराची आठवण होते. जुन्या मोडी पत्रांत सुरुवातीला मायना असे, समोरच्याच्या योग्यतेप्रमाणे तो बदलत असे, मग "विनंति उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय लिहीत जावे" असे येई आणि त्यानंतर "विशेष" हा शब्द आला की वाचणाऱ्याला समजे, आता कामाचा मजकूर सुरू झाला. चिटणिसांच्या हाताखाली तयार होणाऱ्या कारकुनाला ही शिस्त शिकावीच लागे. आजच्या ई-मेलमध्ये मायना तीन ओळींचा, पार्श्वभूमी दहा ओळींची आणि मागणी शेवटून दुसऱ्या ओळीत, असा प्रकार होतो आणि तिथे वाट दाखवणारा "विशेष" नसतो. त्यामुळे विषयाच्या ओळीत आणि पहिल्याच वाक्यात काम सांगायचे, पार्श्वभूमी त्यानंतर, असा क्रम आम्ही लावून घेतो. मुलांना तो उद्धट वाटतो. आधी खुशाली न विचारता एकदम मागणी कशी करायची, असे एकाने मला अगदी मनापासून विचारले होते. मी त्याला सांगितले की ज्याच्यापुढे दिवसाला शेकडो पत्रे येतात त्याचा वेळ वाचवणे हाही आदरच आहे, आणि "प्लीज" लिहायला कोणी मनाई केलेली नाही.

पुण्यात कामाचे इंग्रजी काही संगणकांबरोबर आलेले नाही. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने शेतसाऱ्यापासून दुष्काळापर्यंतच्या प्रश्नांवर सरकारकडे इंग्रजीतून निवेदने पाठवली, आणि १८८१ मध्ये याच शहरातून "केसरी" मराठीत आणि "मराठा" इंग्रजीत निघू लागला. त्या मंडळींनी वाचक कोण हे पाहून भाषा निवडली आणि परकीय भाषेत स्वतःचे म्हणणे मांडले. हा वारसा परांड्याच्या मुलीचाही आहे, असे मला अगदी मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बैठकीत इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले झटकन बोलतात आणि त्यांचे म्हणणे आधी ऐकले जाते. उच्चार, वेग, आत्मविश्वास या सगळ्यांत आमची मुले तिथे मागे पडतात. लेखनात मात्र ही तफावत बरीच कमी होते. तिथे उच्चार ऐकू येत नाही, विचार करायला वेळ मिळतो, वाक्य पुन्हा वाचता येते, शेजारच्याला दाखवता येते. म्हणून बोलण्याआधी लिहिण्याचा सराव करा, असा माझा आग्रह असतो. आम्ही कित्ताही गिरवतो. कोणाला ग्राहकाकडून एखादे नेटके, मुद्देसूद पत्र आले तर त्यातली नावे गाळून ते सगळे जण हाताने उतरवून घेतात, आणि पुढच्या गुरुवारी ते न पाहता, आपल्या विषयावर, त्याच क्रमाने लिहून आणतात. हाताने उतरवताना आर्टिकलही आपोआप दिसू लागते. मराठीत ते नसल्यामुळे "कम्प्लेंट" पुढे "अ" की "द" हे नियमाने ठरवताना मुले गोंधळतात, पण वाचणाऱ्याला ही तक्रार आधीपासून ठाऊक आहे की आपण प्रथमच सांगत आहोत, असा प्रश्न विचारला तर पुष्कळदा बरोबर उत्तर देतात.

अलीकडे लेखन सुधारून देणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आहेत आणि मी ती वापरू नका असे सांगत नाही. आर्टिकल, शब्दयोगी, स्पेलिंग ती उत्तम दुरुस्त करतात. "ऑपरेटर वॉज नॉट अवेअर" हे वाक्य मी एकदा अशा साधनाला दिले, तेव्हा त्याने ते अधिक भारदस्त आणि लांब करून दिले. दुसरे गेज नव्हते ही गोष्ट त्याला सांगितलेलीच नव्हती, तर त्याला ती कळणार कुठून? त्यामुळे आमचा क्रम ठरला आहे. आधी मराठीत बोलायचे, मग स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत लिहायचे, क्रियापदांखाली रेघा मारायच्या आणि त्यानंतर साधनाकडे जायचे. त्याने दिलेला मजकूर मूळ मजकुराशी ताडून पाहायचा आणि एखादी वस्तुस्थिती त्यातून निसटली असेल तर ती परत आत आणायची.

सध्या आमच्याकडे बैठकीच्या इतिवृत्तांचा सराव चालू आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे एक नाव आणि एक तारीख, हे मुलांना आता जमते. अवघड जाते ते कशावर निर्णय झाला नाही ते लिहिणे, कारण तसे लिहिले तर आपल्या साहेबांना कमीपणा येईल अशी भीती वाटते आणि मग "मॅटर वॉज डिस्कस्ड इन डिटेल" अशी ओळ कागदावर येते. त्याऐवजी, या मुद्द्यावर आज निर्णय झाला नाही, अमुक चाचणीचे निष्कर्ष अमुक व्यक्ती १८ तारखेला देईल आणि त्यानंतरच्या बैठकीत तो होईल, हे न अडखळता लिहिता यावे, यासाठी येत्या गुरुवारी प्रत्येक जण आपल्या कारखान्यातली अनिर्णित राहिलेली एक बाब घेऊन येणार आहे.